मूठभर वाळू कुठून आली, हे कसं ओळखायचं?

मूठभर कोरडी वाळू कागदावर पातळ पसरा. उभं राहून बघितलं तर ती एकाच रंगाची दिसते. आता भिंग डोळ्याजवळ धरून खाली वाका. काचेच्या तुकड्यासारखे पारदर्शक कण, गुलाबी कण, काळे कुळकुळीत कण, मध्येच चमकून जाणारी सोनेरी पापुद्री, कुठे शिंपल्याची तुटकी कड. हे सगळे एका जागी जन्मलेले नाहीत. कणाचा रंग, त्याचे कोपरे, त्याचं वजन, चुंबकाजवळ आणि व्हिनेगरमध्ये तो कसा वागतो, एवढं तपासलं की तो कुठून आला याचा बराच अंदाज बांधता येतो. पुढचे प्रयोग आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना जमतात. मोठं माणूस जवळ असलं की पुरे.

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, जोरदार लोहचुंबक, पातळ प्लास्टिकची पिशवी, पांढरं व्हिनेगर, ड्रॉपर, झाकणाच्या दोन पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या, दाबली की दबणारी एक मऊ पारदर्शक बाटली, मोजपट्टी, कोनमापक आणि एक जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवा, अर्ध्यावर पांढरा. ही पायरी गाळू नका. पारदर्शक आणि पांढरे कण पांढऱ्या कागदावर हरवतात, काळे कण काळ्यावर. नुसत्या पांढऱ्या कागदावर बघितलं की 'सगळी वाळू काळी' असं वाटतं, कारण डोळ्यांना तेवढेच कण दिसलेले असतात.

वाळू हे मापाचं नाव आहे

वाळू हे कुठल्या एका पदार्थाचं नाव नाही. कण ०.०६२५ मिमीपेक्षा मोठा आणि २ मिमीपेक्षा लहान असला की भूशास्त्रज्ञ त्याला वाळू म्हणतात, मग तो खडकाचा असो, शिंपल्याचा असो की ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. अमेरिकी भूशास्त्रज्ञ चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडलेली ही मापं आजही वापरात आहेत. २ मिमीच्या वर बारीक खडे सुरू होतात. वाळूहून बारीक तो गाळ, आणि ०.००४ मिमीच्याही खाली गेलं की चिकणमाती.

मोजपट्टीने एवढं बारीक मोजता येत नाही, पण बोटांना कळतं. ओली चिमूट दोन बोटांत चोळा. करकर लागली तर वाळू. पिठासारखं गुळगुळीत लागलं तर गाळ. बोटांना चिकटून राहिलं तर चिकणमाती.

नदीकाठची किंवा अंगणातली माती आणली असेल तर बरणी वापरा. तिसरा हिस्सा माती घाला, पाऊण बरणी भरेल एवढं पाणी ओता, कपडे धुण्याची पावडर अगदी चिमूटभर टाका आणि झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. बरणी खाली ठेवली की घड्याळ लावा. पहिल्या मिनिटात जो थर तळाशी बसतो तो वाळूचा. तिथे बरणीवर बाहेरून रेघ मारा. दोन तासांनी वरचा गाळाचा थर दिसेल, तिथे दुसरी रेघ. चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात. मोठा कण पाण्यातून झपाट्याने खाली जातो आणि बारीक कणाला पाणी अडवून धरतं, म्हणून हे थर आपोआप वेगळे होतात. पावडर जास्त पडली तर फेसामुळे वरचा थर दिसत नाही. मध्येच कुणी बरणी उचलून बघितली तर रेघा फुकट जातात, म्हणून ती कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवा.

एक हिशोब मुलांना फार आवडतो. अर्धा मिमी जाडीचे कण घेतले तर पाच मिलिलिटरच्या लहान चमच्यात साधारण ४५ हजार मावतात. जाडी निम्मी केली तर कण दुप्पट होतील असं वाटतं, पण होतात आठपट, म्हणजे साडेतीन लाखांच्या पुढे. कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही निम्मी झालेली असते. खरं वाटत नसेल तर खोडरबराचा एक चौकोनी ठोकळा तिन्ही बाजूंनी मधोमध कापा आणि तुकडे मोजा.

खडकाची वाळू कशी होते

ग्रॅनाइटच्या ताज्या फुटलेल्या तुकड्याकडे नीट पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात: काचेसारखा राखाडी क्वार्ट्झ, गुलाबी किंवा दुधी फेल्डस्पार आणि चमचमणारं अभ्रक. पावसाचं पाणी फटींत शिरतं. थंड प्रदेशात ते गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट आणखी रुंद करतं. झाडांची मुळं तेच काम सावकाश करतात. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. त्याने फेल्डस्पार हळूहळू कुजल्यासारखा होऊन चिकणमातीत बदलतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

क्वार्ट्झ मात्र टिकतो. गारगोटी ज्याची बनते तोच हा पदार्थ, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापात तो सातव्या पायरीवर आहे आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. बाकीचे सोबती वाटेत गळतात, हा उरतो. खंडांवरच्या बहुतेक वाळूत क्वार्ट्झच जास्त सापडतो तो यामुळे.

झीज डोळ्यांनी बघायची असेल तर भाजलेल्या विटेचे दोन सेंटिमीटरचे दहा तुकडे घ्या. तोडण्याचं काम मोठ्यांनी करावं, डोळ्यांवर चष्मा लावून आणि वीट कापडात गुंडाळून. तुकडे बरणीत टाका, अर्धी बरणी पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि शंभर वेळा हलवा. पाणी पातळ कापडातून गाळा. कापडावर जे उरलं ती तुमची वाळू. ती वाळवून चमच्याने मोजा. तेच तुकडे परत टाकून आणखी शंभर वेळा हलवा आणि परत मोजा. दर खेपेला वाळू कमी निघत जाते. सुरुवातीला टोकदार कोपरे असतात, ते पटकन तुटतात. तुकडे गोल होत गेले की तुटायला काही राहत नाही. काचेची बरणी चालणार नाही, ती फुटते. बरणी तुकड्यांनी गच्च भरली तर ते एकमेकांवर आपटत नाहीत आणि हात दुखले तरी वाळू निघत नाही. पाणी न घालता हलवलं तर झाकण उघडताना धूळ नाकात जाते.

इथे एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. 'नदीत वाहून वाहून वाळूचा कण गोल होतो' असं सर्रास सांगितलं जातं. गोट्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे, वाळूच्या बाबतीत फारसं नाही. कण इतका हलका असतो की पाण्यात दोन कण आदळले तरी मधल्या पाण्यामुळे धक्का मऊ होतो. शेकडो किलोमीटर वाहूनही क्वार्ट्झचे कोपरे बरेच शिल्लक राहतात. कणाला खरा गोल करतो तो वारा. हवेत मऊपणा द्यायला पाणी नसतं, कण उड्या मारत जातो आणि दर उडीला दुसऱ्या कणावर थाडकन आपटतो. वाळवंटातल्या क्वार्ट्झवर या आपटण्यांमुळे दुधी काचेसारखा धुरकट थर दिसतो. म्हणून भिंगाखाली गोल आणि धुरकट कण दिसला तर वाऱ्याचा विचार करा, कोपरेदार आणि चकचकीत दिसला तर पाण्याचा. तरी पूर्ण खात्री धरू नका, कारण कण एकदाच प्रवास करत नाहीत. वाळू दबून वालुकाश्म होतो, तो खडक फुटून पुन्हा वाळू होते. आज नदीत मिळालेला गोल कण कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या वाळवंटात घासला गेलेला असू शकतो.

पृथ्वीवर जन्मलेला, आजवर सापडलेला सगळ्यांत जुना खनिजाचा तुकडा वाळूच्या कणाएवढाच आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधल्या खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचा तो कण मिळाला. वय सुमारे ४४० कोटी वर्षं. खुद्द पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. तो ज्या खडकात जन्मला तो कधीच नाहीसा झाला. कण तेवढा निसटला आणि पुढे दुसऱ्या खडकात जाऊन बसला.

जी वाळू खडकातून येत नाही

उष्ण समुद्रातल्या बेटांवरची पांढरीशुभ्र पुळण बहुतेक वेळा जिवांची असते. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचे लचके तोडतो. त्याला हवं असतं प्रवाळावरचं आणि आतलं शेवाळ. बरोबर आलेला दगड घशातल्या दातांनी दळला जातो आणि विष्ठेवाटे वाळू होऊन बाहेर पडतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. हे ऐकल्यावर मुलं आधी 'ई' करतात आणि मग ते कधीच विसरत नाहीत.

जपानच्या दक्षिण टोकाकडच्या इरिओमोते आणि ताकेतोमी बेटांवर चांदणीच्या आकाराची वाळू मिळते. ती चांदणी म्हणजे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवाचं कवच. बर्म्युडाच्या वाळूला गुलाबी झाक येते तीही अशाच एका लाल कवचाच्या जिवामुळे.

आणि लाव्ह्याची वाळू. हवाईच्या पुनालूऊ किनाऱ्यावर ती काळी आहे, कारण तापलेला लाव्हा समुद्रात पडताच तडकून त्याचे बारीक तुकडे झाले. त्याच बेटावरच्या पापाकोलेआ किनाऱ्याची वाळू हिरवी आहे. तिथे लाव्ह्यातले ऑलिव्हिन या खनिजाचे जड कण मागे राहतात आणि हलके कण लाटा घेऊन जातात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्स इथे तर सुमारे ७१० चौरस किलोमीटरवर जिप्सम या मऊ खनिजाच्या पांढऱ्या टेकड्या पसरल्या आहेत. जिप्सम पाण्यात विरघळतो, त्यामुळे एरवी तो नदीबरोबर समुद्राला जाऊन मिळतो. त्या खोऱ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही, म्हणून तो तिथेच साठला.

व्हिनेगर आणि चुंबक

शिंपला आणि प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. अर्धा चमचा वाळू आधी साध्या पाण्याने दोनदा धुवा, पूर्ण वाळवा, बशीत घ्या आणि ड्रॉपरने व्हिनेगरचे दहा थेंब सोडा. लगेच भिंग धरा. संपूर्ण वाळू फसफसली तर ती जिवांची किंवा चुनखडीची. चार-दोन कणांवरच बुडबुडे दिसले तर खडकाच्या वाळूत शिंपले मिसळलेत. काहीच झालं नाही तर क्वार्ट्झ, लाव्हा किंवा जिप्सम. थेंब टाकताच कणांमध्ये अडकलेली हवाही वर येते आणि ती फसफस वाटते. फरक सोपा आहे: हवेचे बुडबुडे एकदाच येतात आणि थांबतात, आम्लाचे त्याच कणावरून पुन्हा पुन्हा सुटत राहतात.

चुंबक कधीही थेट वाळूत खुपसू नका. चिकटलेली काळी पूड नंतर निघता निघत नाही. चुंबक पिशवीत घाला, पिशवीसकट वाळूवरून फिरवा, मग कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक काढा. कण आपोआप खाली पडतील. ते बहुतेक मॅग्नेटाइट या लोखंड असलेल्या खनिजाचे असतात. क्वार्ट्झ पाण्याच्या २.६५ पट जड, मॅग्नेटाइट ५.२ पट. किनाऱ्यावर लाट परतते तिथे काळे पट्टे उमटतात ते याच फरकामुळे: पाणी हलके कण ओढून नेतं, जड मागे राहतात. बांधकामाजवळून आणलेल्या वाळूत मात्र लोखंडाचा गंजही चुंबकाला चिकटतो. कण पांढऱ्या कागदावर घासा. तांबूस रेघ उठली तर गंज.

राहिलेल्या कणांना भिंगाखाली ओळखा. पारदर्शक, बाटलीच्या काचेसारखा वेडावाकडा फुटलेला तो क्वार्ट्झ. गुलाबी किंवा दुधी असून एका सपाट बाजूवर आरशासारखा चमकणारा तो फेल्डस्पार. डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा तो गार्नेट. मंद पांढरा, वळणदार, छिद्रं असलेला तो कवचाचा तुकडा. आणि भडक निळा किंवा केशरी दिसला तर थोडी वाळू मिठाच्या पाण्यात टाकून बघा. तो कण तरंगला तर ते प्लास्टिक आहे.

दाबल्यावर पाणी खाली का जातं?

ओल्या किनाऱ्यावर पाऊल टाकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट पडते. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, ते गेलं कुठे? ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि ते घरी बाटलीत बघता येतं.

मऊ बाटली गळ्याच्या खालपर्यंत धुतलेल्या वाळूने भरा. वरून हळूहळू पाणी ओता. बाटली टेबलावर अलगद तीस-चाळीस वेळा आपटा, म्हणजे हवा निघून जाईल आणि वाळू गच्च बसेल. वाळू खाली गेली की आणखी घाला. पाण्याची पातळी बाटलीच्या गळ्यात, वाळूच्या तीनेक सेंटिमीटर वर आली की तिथे पेनने खूण करा. आता मुलांना आधी विचारा, 'बाटली दाबली तर पाणी वर जाईल की खाली?' सगळे 'वर' म्हणतील. दोन्ही हातांनी बाटली दाबा. पाणी खाली सरकतं.

गच्च बसलेले कण एकमेकांच्या खोबणीत अडकलेले असतात. आकार बदलायचा तर एका कणाला शेजारच्यावर चढावं लागतं. सगळे असे चढले की मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्यांत शोषलं जातं. पावलाखाली नेमकं हेच घडतं. पाणी वर आलं तर समजा वाळू सैल राहिली आहे, पुन्हा आपटा. पाणी हललंच नाही तर बाटली फार कडक आहे किंवा आत हवा उरली आहे. हवा आधी दबते आणि परिणाम लपवते. पहिल्या प्रयत्नात हा प्रयोग पुष्कळदा फसतो, पण दुसऱ्यांदा करण्याइतका तो नक्कीच मोलाचा आहे.

किल्ला आणि ढीग

किल्ल्यासाठी आठ वाट्या वाळूला एक वाटी पाणी, असं मिसळा. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि तो कणांना ओढून धरतो. पाणी जास्त झालं की फटी पूर्ण भरतात, पूल उरत नाहीत आणि बुरूज वितळल्यासारखा बसतो. बादली एकदम भरून उपडी करू नका. पाच-पाच सेंटिमीटरचे थर घालून प्रत्येक थर मुठीने ठोका. वरून ऊन लागत असेल तर फवाऱ्याने अधूनमधून ओलावा द्या.

कोरडी वाळू कागदाच्या नळकांड्यातून एका जागी सोडली तर शंकूसारखा ढीग होतो. त्याचा उतार कोनमापकाने मोजा, ३० ते ३५ अंशांच्या आसपास येईल. ढीग दुप्पट उंच केला तरी कोन तोच, कारण त्याच्यापेक्षा चढ झाला की वाळू घसरते. वाळवंटातल्या टेकड्यांची घसरती बाजूही याच कोनात असते. काही ठिकाणी ती घसरताना विमान घोंघावल्यासारखा खोल आवाज येतो. त्यासाठी कण कोरडे, स्वच्छ आणि एकसारख्या मापाचे असावे लागतात. वाळवंटातले सगळे भाग मात्र असे नसतात. जगातल्या वाळवंटांचा सुमारे पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे, बाकी दगड आणि खडी.

वाळू आणताना

संग्रहासाठी दोन चमचे पुरतात, त्याहून जास्त घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जग दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं, आणि नद्या-किनारे ती तेवढ्या वेगाने भरून देऊ शकत नाहीत. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७ पासून किनाऱ्यावरची वाळू नेल्यास दंड होतो. इतर ठिकाणीही आधी विचारून घ्या.

किनाऱ्यावर किंवा ढिगाऱ्यात मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणू देऊ नका आणि बोगदा तर मुळीच नको. ओली वाळू भक्कम वाटते, पण कडा वाळल्या की ती एका क्षणात ढासळते आणि खाली सापडलेल्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. प्रयोग संपला की वाळू मोरीत ओतू नका, नळी तुंबते. झाडाच्या कुंडीत टाका.

संग्रह करायचा तर पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा, कोरडी वाळू भुरभुरा, जादा झटकून टाका. खाली तारीख, जागा, आणि वाळू पाण्याच्या कडेची होती की लांबची, हे लिहा. व्हिनेगर आणि चुंबकाचा निकालही त्याच कार्डावर. लिहायचं काम तिथल्या तिथे उरका. दोन पुड्या एकत्र झाल्या की नुसतं बघून कुठली कुठली ते ओळखणं फार अवघड जातं.